दुपारी बारा ते चार

दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या. एकीवर फोन करणारी, दुसरीवर फोन घेणारी. दोघींना एकमेकींचा चेहरा दिसता कामा नये, कारण फोनवर चेहरा नसतो. हेल्पलाइनच्या प्रशिक्षणात हा सराव करून घेतात आणि नव्या स्वयंसेविकेची पहिली परीक्षा इथेच होते.

फोन करणारी म्हणते, "हॅलो... हा नंबर बायकांसाठी आहे ना?"

"हो ताई, बोला."

मग शांतता. पाच सेकंद, दहा सेकंद. घेणारी अस्वस्थ होते आणि एका दमात विचारते, "काय झालं? नवरा मारतो का? कुठून बोलताय? नाव काय तुमचं?" पलीकडून फोन बंद.

सराव घेणारी बाई मग सगळ्यांना विचारते, "त्या दहा सेकंदांत ती काय करत होती?" कोणी म्हणतं रडत होती, कोणी म्हणतं शब्द शोधत होती. दोन्ही शक्य आहे. पण बहुतेकींना न सुचणारं तिसरं उत्तर असं, की दाराला कडी लागली आहे ना, हे ती बघत होती.

स्त्रियांसाठी स्वयंसेवी फोनसेवा कशी उभी करायची, हा या प्रकरणाचा विषय आहे. हवेत बोलण्यापेक्षा एक गाव धरून बोललेलं बरं, म्हणून पनवेल घेऊ. १८५२ साली नगरपालिका मिळालेलं हे जुनं गाव १ ऑक्टोबर २०१६ रोजी महापालिका झालं. वडाळे तळ्याच्या आसपासचं जुनं पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे, खारघर इथले सिडकोचे टॉवर, तळोज्याची एमआयडीसी, टॉवरांच्या मधोमध उरलेली आगरी-कोळ्यांची गावठाणं आणि पालिकेची हद्द ओलांडली की कर्नाळ्याच्या, माथेरानच्या डोंगरकडेच्या कातकरी वाड्या. २०११च्या जनगणनेनुसार पालिकेच्या आजच्या हद्दीत पाच लाखांवर माणसं राहत होती. आज ती कितीतरी वाढली आहेत.

अशा गावात बाईने कोणाशी बोलायचं? बीडहून किंवा साताऱ्याहून लग्न होऊन कामोठ्याच्या दहाव्या मजल्यावर आलेल्या मुलीचं माहेर एसटीने कित्येक तासांच्या अंतरावर असतं आणि समोरच्या फ्लॅटचं दार बंद असतं. गावठाणातल्या सुनेचं उलटं. तिला सगळे ओळखतात, सगळे कुणाचे ना कुणाचे नातलग, म्हणून तिला कुणाशीच बोलता येत नाही. या दोघींना हवं असलेलं माणूस एकच. ओळखीचं नसलेलं, पण आपलं बोलणं समजणारं.

आकडेही हेच सांगतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चौघींत एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. मला त्याहून अस्वस्थ करतो तो याच पाहणीतला दुसरा आकडा. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. मदत मागणाऱ्या अवघ्या १४ टक्के, आणि त्यांनीही बहुतेक वेळा माहेरच्यांकडेच मागितली. पोलीस, डॉक्टर, वकील, संस्था यांच्यापर्यंत पोचणाऱ्या फार थोड्या. फोनसेवेचं काम या ७७ टक्क्यांत आहे.

फोनवरून अनोळखी माणसाचं ऐकून घ्यायची कल्पना इंग्लंडमध्ये रुजली. चॅड वाराह नावाच्या तरुण पाद्र्याने १९३५ साली एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी केला. मासिक पाळी सुरू झाल्यावर आपल्याला गुप्तरोग झाला, असं वाटून तिने जीव दिला होता. विचारायला कुणी नव्हतं, एवढंच तिच्या मरणाचं कारण. वाराहच्या मनातून ती गेली नाही. २ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये त्याने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोन सुरू केला. लोक फोन करू लागले, भेटायलाही येऊ लागले. आपली पाळी येईपर्यंत बाहेर बसलेल्यांना चहा द्यायला, चार शब्द बोलायला काही स्वयंसेवक असत. थोड्याच दिवसांत वाराहच्या लक्षात आलं की बऱ्याच जणांना बाहेरच्या त्या बोलण्यानेच हलकं वाटतं आणि ते आत न येताच घरी जातात. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्याने फोन स्वयंसेवकांच्या हाती सोपवला. 'समॅरिटन्स' ही संस्था अशी घडली. साध्या माणसाने नीट ऐकलं तर पुरतं, हा शोध चहा देणाऱ्यांनी लावला.

आपल्याकडे डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली चेन्नईत 'स्नेहा' सुरू केली. पनवेलच्या शेजारी, नवी मुंबईत, 'आसरा' १९९८ पासून आत्महत्येच्या विचारात असलेल्यांचे फोन घेते आहे. पुण्यात 'कनेक्टिंग' हेच काम स्वयंसेवकांच्या बळावर करते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' सेवा २०१२ साली सुरू झाली, तिथे मात्र फोन घेणारे पगारी, मानसशास्त्राचं शिक्षण घेतलेले समुपदेशक असतात. हा फरक ध्यानात ठेवावा. स्वयंसेविका समुपदेशक नसते आणि तिने तसं भासवू नये.

स्त्रियांच्या प्रश्नाचा धागा मात्र निराळ्या ठिकाणाहून येतो. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा आणि शैला लाटकर या दोन विवाहितांच्या मृत्यूंनी शहर हादरलं आणि त्यातून विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच उभा केला. 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन घेऊन मंचाच्या कार्यकर्त्या गावोगाव गेल्या. प्रदर्शन बघून बायका तिथेच, अनोळखी कार्यकर्त्यांपाशी, आपलं घरातलं सांगू लागल्या. मंचाने पुढे चालवलेल्या केंद्राचं नावच 'बोलते व्हा' असं होतं. आजही कुठल्याही सेवेला याहून चांगलं नाव सुचणार नाही. मुंबईत १९८४ साली टाटा संस्थेने पोलिसांबरोबर महिला व बालकांसाठी विशेष साहाय्य कक्ष सुरू केला. त्यात पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या बसतात. पुढे हे कक्ष राज्यभर झाले. पनवेलच्या आपल्या फोनने एकट्याने सगळं करायचं नाही. ऐकून घ्यायचं आणि अशा ठिकाणांपर्यंतची वाट दाखवायची.

आता बांधणीकडे येऊ. पहिला प्रश्न फोन किती वेळ चालू ठेवायचा हा. उत्साहाच्या भरात सगळ्या म्हणतात, चोवीस तास. हा हिशेब कागदावर करून बघा. एका पाळीत चार तास आणि दोघी जणी. दोघी अशासाठी, की एक फोनवर असताना दुसरीने पत्ते, नंबर काढून द्यावेत आणि अवघड फोननंतर पहिलीला पाणी द्यायला कुणीतरी असावं. चोवीस तास, सातही दिवस म्हणजे आठवड्याला ४२ पाळ्या. प्रत्येकीने आठवड्यातून एकच पाळी करायची म्हटली तर ८४ स्वयंसेविका. सोमवार ते शनिवार, दुपारी बारा ते चार एवढंच ठेवलं तर सहा पाळ्या, १२ स्वयंसेविका. आजारपण, लग्नसराई, दहावीची परीक्षा, गणपती धरून १८ हव्यात. प्रशिक्षणात गळती होते, म्हणून सुरुवातीला ३० जणींना बोलवायचं. पनवेलात तीस मिळतील, चौऱ्याऐंशी मिळणार नाहीत.

दुपारी बारा ते चारच का? पुरुष कामावर, मुलं शाळेत, सासूबाईंचा डोळा लागलेला, भांडी झालेली. घरातल्या बाईला फोन हाती घ्यायची हीच वेळ. यात एक अडचण तळोज्याची आहे. नवऱ्याची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात तो दुपारी घरातच झोपलेला असतो. आणि नोकरीवर जाणारी बाई त्या वेळी ऑफिसात असते. तिला एकटेपण मिळतं ते मानसरोवर किंवा खांदेश्वर स्टेशनवरून घरी चालत जाताना. म्हणून संध्याकाळची एक पाळी काढावी असं वाटतं. तरी माझं मत असं, की पहिलं वर्ष वेळ एकच ठेवावी. मंगळवारी दुपारी, गुरुवारी संध्याकाळी असं वेळापत्रक भेदरलेल्या बाईच्या लक्षात राहत नाही. 'दुपारी बारा ते चार' राहतं.

आणि त्या चार तासांत फोन उचललाच गेला पाहिजे. महिनाभर धीर गोळा करून बाईने नंबर फिरवावा आणि तो नुसता वाजत राहावा, हे तिच्यासाठी नंबर नसण्याहून वाईट. इथेही कुणी नाही, असं ती धरून चालते आणि पुन्हा फिरवत नाही. सेवा बंद असण्याच्या वेळेत रेकॉर्ड केलेला छोटा निरोप हवा. आपली वेळ सांगणारा आणि तातडीच्या वेळी ११२ किंवा १८१ लावा, असं सांगणारा. ११२ हा पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन यांचा एकच क्रमांक. १८१ ही महिला हेल्पलाइन, तिची केंद्राची योजना १ एप्रिल २०१५ पासून आहे. मुंबई-नवी मुंबईच्या बायकांना १०३ आणि १०९१ हे पोलिसांचे नंबरही ऐकून माहीत असतात. सरकारी क्रमांक असताना आपला कशाला, असं विचारणारे भेटतीलच. त्यांना सांगावं की ११२ लावल्यावर गाडी येते. पुष्कळ बायकांना गाडी नको असते, अजून ठरायचं असतं.

जागेसाठी फार काही लागत नाही. दार बंद होणारी खोली, दोन खुर्च्या, टेबल, कुलपाचं कपाट, भिंतीवर घड्याळ. पाटी नसलेली बरी. पत्ता कुणालाच सांगायचा नाही, कारण उद्या एखादा नवरा दारात उभा राहील. म्हणून भेटायचंच झालं तर दवाखाना, विधी सेवा समितीचं कार्यालय, विशेष साहाय्य कक्ष अशा सरकारी ठिकाणी भेटायचं. फोन संस्थेचा हवा. स्वयंसेविकेचा स्वतःचा नंबर कधीच नको, तिच्या घरीही माणसं आहेत.

फोन करणारीच्या हातातला फोनही एकटीचा नसतो. कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वतः वापरायचा मोबाईल असणाऱ्या स्त्रिया राज्यात निम्म्याहून थोड्याच जास्त. बाकीच्या नवऱ्याच्या, मुलाच्या, शेजारणीच्या फोनवरून बोलतात. म्हणून काही नियम दगडावरची रेघ समजावेत. मिस्ड कॉल आला तर उलट फोन करायचा नाही, कारण मिस्ड कॉल तिने दिला आणि उचलणार नवरा, असं होतं. आपल्याकडून मेसेज पाठवायचा नाही. ट्रूकॉलरवर आपलं नाव 'महिला मदत केंद्र' असं उमटत असेल तर ते आधी बदलून घ्यायचं. बोलणं संपवताना न चुकता विचारायचं, "ताई, या फोनवर हा नंबर राहिला तर चालेल का? नाहीतर आत्ताच काढून टाका." आणि सुरुवातीला, सगळ्यांत आधी, "आत्ता बोलायला मोकळीक आहे ना? मध्येच कुणी आलं तर सरळ 'राँग नंबर' म्हणा आणि ठेवून द्या, मला कळेल."

एप्रिल २०२०च्या टाळेबंदीत राष्ट्रीय महिला आयोगाने व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर सुरू केला होता. मारणारा माणूस चोवीस तास त्याच दोन खोल्यांत असताना बोलता येत नव्हतं, लिहिता मात्र येत होतं. पनवेलच्या फोनलाही कधीतरी लेखी संवादाची सोय करावी लागेल, पण ते दुसऱ्या वर्षाचं काम. लिहिलेलं मागे उरतं आणि सापडतं.

आता ऐकण्याबद्दल. इथे थोडं थांबायला हवं, कारण बाकी सगळं पैशाने किंवा खटपटीने होतं, हे होत नाही.

आपल्याकडच्या बायका एकमेकींना धीर देतात तो ठरलेल्या वाक्यांनी. 'संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच.' 'मुलांकडे बघा.' 'थोडं तुम्हीच समजुतीने घ्या.' ही वाक्यं प्रेमाने म्हटली जातात आणि ऐकणारीला पुन्हा त्याच खोलीत ढकलून देतात. शिकलेल्या, चळवळीत वाढलेल्या स्वयंसेविकेची वाक्यं वेगळी असतात. 'तुम्ही सोडून का देत नाही त्याला?' 'आजच्या आज तक्रार करा.' हाही धक्काच. सोडून कुठे जायचं, भाडं कोण भरणार, मुलीची शाळा कोणती, हे सगळं तिने रात्री जागून शंभर वेळा मोजलेलं असतं. तिला कमी कळतं, असं दोन्ही प्रकारची वाक्यं गृहीत धरतात.

मग म्हणायचं काय? बहुतेक वेळ 'हं'. 'मी ऐकतेय.' 'मग?' तिने वापरलेला शब्दच परत द्यायचा. ती म्हणाली, "घरात थोडी कटकट असते," तर "मारहाण होते का?" असं विचारू नये. "कटकट म्हणजे कशी, सांगाल?" असं विचारावं. 'कटकट' हा शब्द तिने दहा वर्षं वापरलेला असतो. 'मार' हा शब्द ती आपणहून उच्चारील तेव्हा तिच्या बाजूने बरंच काही घडलेलं असेल. आगरी बोलणाऱ्या बाईला आगरी समजणारी स्वयंसेविका भेटली तर ती लवकर मोकळी होते. पनवेलच्या अठरा जणींत दोघी-तिघी आगरी, एखादी उर्दू-हिंदीत सहज बोलणारी, जमलं तर एखादी कातकरी समजणारी हवीच. पुस्तकी मराठीत 'तुमची समस्या काय आहे?' विचारणाऱ्या आवाजाला वाडीतली बाई ऑफिस समजते.

काही फोन मात्र निव्वळ ऐकण्याचे नसतात. तिच्या बोलण्यात जीव देण्याची सावली जाणवली तर सरळ विचारायचं, "तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने असा विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी नाव घेऊन विचारलं म्हणून सुटका वाटते. उत्तर हो असेल तर पुढचं: कसं, घरात काय ठेवलं आहे, आत्ता सोबत कोण आहे. औषध किंवा दोरी तिच्यापासून लांब जाईपर्यंत फोन सोडायचा नाही. मानसिक आरोग्यासाठी सरकारची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, १० ऑक्टोबर २०२२ रोजी ती सुरू झाली. त्याच फोनवर तिला तो क्रमांक द्यावा.

मारहाणीच्या फोनमध्ये एक गोष्ट प्रत्येकीने पाठ करून ठेवावी. त्याने गळा दाबला होता का, हे विचारायचं. थप्पड, लाथ, पट्टा हे भयंकर आहेच, पण गळा दाबणाऱ्या माणसाच्या हातून पुढे खून होण्याची शक्यता अनेक पटींनी जास्त असते, असं अभ्यासांत दिसलं आहे. खूण उमटत नाही म्हणून बाई स्वतः ते सांगत नाही. आवाज घोगरा झाला का, गिळताना दुखतं का, हे विचारून तिला त्याच दिवशी पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात जायला सांगायचं. बाई घर सोडायच्या विचारात असेल तो काळही धोक्याचा. अशा वेळी पिशवीचं बोलायचं. आधार कार्ड, रेशन कार्डाची झेरॉक्स, मुलांचे जन्माचे दाखले, बँकेचं पासबुक, लग्नाचा दाखला किंवा फोटो, दागिन्यांच्या पावत्या, रोजची औषधं, थोडे सुटे पैसे. पिशवी घरात ठेवता येत नसेल तर विश्वासाच्या एखाद्या बाईकडे.

कायद्याची माहिती स्वयंसेविकेला थोडीच पण पक्की हवी. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५चा, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो नवऱ्याला तुरुंगात घालण्यासाठी नाही, बाईला घरात राहायचा हक्क, खर्च आणि संरक्षण मिळवून देण्यासाठी आहे. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला सहजी बाहेर काढता येत नाही. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांपुढे करता येतो. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत द्यावी आणि साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे तिला आधीच सांगावं. नाहीतर दुसऱ्या तारखेला तिला वाटतं, फोनवरच्या बाईनेही फसवलं. वकिलाच्या फीची काळजी असेल तर १९८७च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. पनवेलच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे, देशभरासाठी १५१०० हा क्रमांक आहे. नवऱ्याच्या आणि सासरच्यांच्या छळाचं जुनं ४९८ अ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालं आहे.

फोन करणारीला आपण देतो त्या गुप्ततेच्या वचनाला एक अपवाद आहे आणि तो लपवू नये. अठरा वर्षांखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं आपल्याला कळलं, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून आवाज लहान वाटला की पुढचं ऐकण्याआधीच सांगायचं, "बाळा, तू अठराच्या आतली असशील तर काही गोष्टी मला पुढे कळवाव्या लागतात. आधी एवढं ऐक, मग सांग." सगळ्यांत अवघड फोन वाडीवरून येतो. सतरा वर्षांची, लग्न झालेली, पोटुशी, सुखात असल्याचं सांगणारी आणि फक्त बाळंतपणासाठी कुठे नाव घालायचं ते विचारणारी मुलगी. कायदा तिथेही लागू आहे. अशा वेळी काय करायचं हे फोन वाजल्यावर ठरवायचं नाही. सुरुवातीच्याच बैठकीत, वकील आणि डॉक्टर समोर बसवून ठरवून ठेवायचं. लहान मुलांसाठी १०९८ आहे. १९९६ साली मुंबईत टाटा संस्थेचा प्रयोग म्हणून तो सुरू झाला, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या पोरांच्याही 'दस-नौ-आठ' असा तोंडात बसला. आपला नंबर दहा आकडी असला तरी असाच जिभेवर बसणारा मिळतो का, हे जरूर बघावं.

वहीत काय लिहायचं? तारीख, वेळ, साधारण वय, भाग, काय सांगितलं त्याचं दोन ओळींत सार, कुठली वाट दाखवली. नाव तिने दिलं तरी लिहायचं नाही, आपल्याकडे एखादं ठेवणीतलं नाव द्यायचं. बोलणं रेकॉर्ड करायचं नाही. वही कपाटात, किल्ली दोघींकडे. आणि एक दिवस हा फोन येणारच: "माझ्या बायकोने इथे फोन केला होता का?" आवाज कधी दमदाटीचा असतो, कधी अगदी रडवेला. उत्तर दोन्हींना एकच. "इथे कोण फोन करतं ते आम्ही कुणालाच सांगत नाही." 'नाही केला' असंही म्हणायचं नाही. आज 'नाही' म्हटलं आणि उद्या 'सांगत नाही' म्हटलं, की त्याला उत्तर मिळालं. अश्लील फोनही येतील. घाबरायचं नाही, भांडायचंही नाही, "हा नंबर त्यासाठी नाही, मी ठेवते," म्हणून ठेवायचा.

ऐकणाऱ्यांचीही काळजी घ्यावी लागते. शनिवारी चार वाजता फोन बंद झाल्यावर सगळ्यांनी तासभर बसायचं, आठवड्यातल्या कोणत्या फोनने झोप उडवली ते बोलायचं. जिच्या स्वतःच्या घरात असंच काही चालू आहे, तिने फोनवर बसू नये. तिने आधी फोन करावा. प्रशिक्षणात अशी एखादी असतेच, तिला हळुवारपणे थांबवणं हे प्रशिक्षण देणारीचं काम. आणि फोन ठेवल्यावर पुढे काय झालं, हे बहुतेक वेळा कधीच कळत नाही. ती सुटली की राहिली, जगली की नाही. हे न कळणं ज्यांना सोसवत नाही त्यांनी हिशेब सांभाळावा, नंबर वाटावेत. तेही तितकंच लागतं.

नंबर वाटण्याबद्दल एवढंच: उद्घाटनाला फडके नाट्यगृह भरवू नका. फ्लेक्सवर पुरुषांचेच फोटो असतात आणि नंबर कोपऱ्यात. नंबर तिथे पोचवा जिथे पुरुष जात नाहीत. पनवेल लोकलच्या महिला डब्यात, एसटी स्टँडच्या बायकांच्या स्वच्छतागृहात, अंगणवाडीत, बचत गटाच्या बैठकीत, ब्यूटी पार्लरच्या आरशाजवळ, सोनोग्राफीच्या रांगेत. आशाताईंना आधी भेटा, कुठल्या घरात काय चाललं आहे ते त्यांना माहीत असतं. कागद टिकलीच्या पाकिटाएवढा लहान करा, म्हणजे पर्समध्ये टिकलीच्या मागे बसेल.

संस्था नोंदवायला सात सभासद लागतात. नोंदणी झाल्यावर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली 'सेवा पुरवठादार' म्हणूनही नोंद करून घेता येते, मग बाईची इच्छा असेल तर हिंसेच्या घटनेचा अहवाल नोंदवून तो दंडाधिकारी आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवता येतो. पण त्या नोंदीसाठी आधी किमान तीन वर्षं असं काम केलेलं असावं लागतं, म्हणून ते पुढचं काम. आधी नवी मुंबई-पुण्यातल्या जुन्या सेवांकडे चार महिने शिकायला जा. आणि मग पनवेलच्या एखाद्या घरी बसून आठवड्यातून चार तास नक्की देऊ शकणाऱ्या बायकांची नावं लिहा. 'जमलं तर येईन' म्हणणारीचं नाव लिहू नका. यादी अकरावर थांबली असेल तर नंबर छापू नका, थांबा. अठरा झाल्या की सोमवारी बारा वाजता सुरू करा.